छताखाली बसणारे वकीलसाहेब

आमच्या वकीलसाहेबांच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि या उणिवेचा त्यांनी सरकारी कामासाठी जेवढा उपयोग करून घेतला तेवढा दुसऱ्या कुणी कशाचाही करून घेतलेला मी पाहिला नाही. नवीन बांधलेल्या शाळेच्या खोलीत, बाहेर पाऊस कोसळत असताना, ते टोपी काढून फरशीवर मधोमध मांडी घालून बसायचे. डोळे मिटलेले. इंजिनिअर, ठेकेदार, सरपंच भिंतीला टेकून उभे. बराच वेळ कुणी बोलायचं नाही. "छताचा पहिला थेंब मलेच समजते," ते म्हणायचे, "तुमचा केसातच जिरून जाते." थेंब पडला नाही, की उठून धोतर झटकून ते फीत कापायचे. पडला, तर तो बोटावर टिपून ठेकेदाराच्या नाकासमोर धरायचे आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसायचे.

जिल्हा परिषदेवर ते आमच्या सर्कलमधून इतक्या वेळा निवडून आले होते, की माझ्या सासूबाईंना ती त्यांची पगारी नोकरीच वाटायची. "रिटायर कवा होनार हायेत वकीलसाहेब?" असं त्या मला अगदी निरागसपणे विचारायच्या. त्यातली बरीच वर्षं ते बांधकाम सभापती होते. म्हणजे जिल्ह्यातल्या शाळाखोल्या, अंगणवाड्या, दवाखाने यांचे मालक नव्हेत, पण सासरे. प्रत्येक ठेकेदाराकडे ते सुनेच्या बापाकडे पाहावं तसं पाहायचे.

माझं माहेर फुलसावंगीचं. लग्न होऊन बाभुळगावला आले तेव्हा वकिलीची सनद ताजी होती आणि कोर्टात ओळख कुणाचीच नव्हती. सासरे मला ज्युनिअर म्हणून वकीलसाहेबांकडे घेऊन गेले. साहेबांनी माझी मार्कशीट पाहिली नाही, कुठल्या कॉलेजात शिकलीस हे विचारलं नाही. फक्त म्हणाले, "पावसाचं भेव आहे काय व तुले?" मला ती थट्टा वाटली. पुढच्या आषाढात झरी जामणीच्या जंगलातल्या कोलामांच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर, गुडघाभर चिखलात एक चप्पल हरवून मी उभी होते, तेव्हा थट्टा नव्हती हे कळलं.

आता हे पावसाचं काय ते सांगते. सरकारी कामं मार्चअखेर संपतात. कामं संपोत न संपोत, कागद संपतात. एप्रिल-मे महिन्यात उद्घाटनांची लगीनसराई असते. आमच्याकडचा उन्हाळा असा, की त्या दिवसांत चाळणीचं छप्पर बांधलं तरी गळणार नाही. साहेबांनी पहिल्याच खेपेला सांगून टाकलं होतं, की मी उद्घाटन पावसाळ्यातच करीन. "इंजिनिअरचा कागद कोरडाच असते. पावसाले विचारा." हे त्यांचं वाक्य जिल्ह्यातल्या सगळ्या ठेकेदारांना पाठ होतं. काही जण ते शिवीसारखं म्हणायचे.

मग पाऊस लागला, की इतर पुढारी घरात भजी खात बसायचे आणि आमची जीप निघायची. गाडी सलीमभाऊ चालवायचे. ते आमच्या ऑफिसचे ड्रायव्हर, कारकून आणि हवामान खातं, तिन्ही होते. "साहेब," ते म्हणायचे, "साऱ्या दुनियेच्या गाड्या पावसात घरी येतात, आपली निंगते." साहेब मागच्या सीटवर काळा कोट घालून बसलेले. हो, कोट. धोतर, पांढरा सदरा, वर वकिलाचा कोट. साइटवर कोट कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कोट दिसला का मानूस खोटं बोलताना जरासा अडखळते. तेवढंच पुरते मले."

झरी जामणीतल्या त्या पोडावर अंगणवाडीची एक खोली बांधली होती. साहेब आत जाऊन बसले. आम्ही सगळे भिंतीला टेकून गप्प. दारात एक म्हातारे कोलाम आजोबा येऊन उभे राहिले. बराच वेळ त्यांनी आमचे चेहरे पाहिले, मग अंगणवाडीच्या बाईंना कोलामीत हळूच काहीतरी विचारलं. बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. साहेबांनी डोळे न उघडताच विचारलं, "काय म्हणते बुवा?" बाई म्हणाल्या, "कोन मेलं, असं इचारून राह्यले." साहेब म्हणाले, "अजून कोनी नाही म्हना. ठेकेदाराचं पाहू." छत गळलं नाही. फीत कापली, आजोबांच्या हातून नारळ फोडवला आणि ठेकेदाराच्या पाठीवर थाप मारली. तो ठेकेदार पुढे ती थाप आपल्या लेटरहेडवर छापायचा तेवढा राहिला.

कोर्ट आणि परिषद या दोन घरांत त्यांचा आयुष्यभर घोळ होत राहिला. परिषदेच्या सभेत ते अधिकाऱ्यांची उलटतपासणी घ्यायचे. "पुलाचं काम चालू होतं त्या वेळी आपण कुठे होता? हो किंवा नाही एवढंच सांगा." अधिकारी बिचारा 'कुठे' याचं उत्तर हो किंवा नाहीमध्ये कसं द्यावं या विचारात घामाघूम. उलट कोर्टात ते न्यायाधीशांना मध्येच "अध्यक्ष महोदय" म्हणायचे. एकदा शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात युक्तिवाद रंगला, आणि साहेबांनी भान विसरून, हा मुद्दा सभागृहापुढे मतास टाकावा अशी मागणी केली. कोर्टात बसलेल्या दोन-चार पक्षकारांनी हात वरही केले होते.

अशिलांच्या बाबतीत त्यांची एक रीत होती. आलेल्या माणसाला ते आपली गोष्ट तीन वेळा सांगायला लावत. "पहिल्या बारीले मानूस शेजाऱ्याले सांगते तसं सांगते. दुसऱ्या बारीले बायकोले. तिसऱ्या बारीले थकते, मंग खरं सांगते." मला हे ऐकून ऐकून कंटाळा यायचा. पण तिसऱ्या वेळी गोष्टीत हमखास एक नवा माणूस निघायचा, बहुतेक वेळा मेहुणा.

स्वतः मात्र ते कुणाला एका वाक्यात उत्तर देत नसत. चहा घेणार का, याला "घेतला तर काय होईल?" असं उलट विचारायचे. घरी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या गोष्टीला इतक्या विटल्या होत्या, की त्यांनी विचारणंच सोडून दिलं होतं. त्या सरळ ताट वाढून हाक मारत. तेवढंच एक समन्स त्यांनी कधी टाळलं नाही.

निवडणुकीत त्यांचा खर्च फार नसे. कार्यकर्ते भिंतींवर एकच ओळ रंगवत, 'आमचे वकीलसाहेब, पावसातही गळत नाहीत.' कुणी लिहिली कुणास ठाऊक, पण दर निवडणुकीला तीच. रंग फिका झाला, की त्यावरच पुन्हा हात फिरवायचा. साहेबांकडे साखर कारखाना नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती, पेट्रोल पंप नव्हता. ती एक ओळ होती.

मग ते कोरडं वर्ष आलं.

आमच्याच तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावकरी मलाच धरतील. तिथली जुनी शाळा पडायला आली म्हणून पाडली होती आणि नवी, चार खोल्यांची, उन्हाळ्यात बांधून झाली होती. रंगसुद्धा झाला होता. शाळा सुरू झाली तेव्हा साहेबांचा निरोप गेला, पाऊस आला की येतो. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. पेरलेलं मोडून लोकांनी पुन्हा पेरलं, तेही मान टाकायला लागलं. आणि नवी शाळा कुलूप लावून उभी, दाराला लाल फीत बांधलेली, उन्हानं ती गुलाबी झालेली.

मुलं बसत होती मारुतीच्या देवळात. मुख्याध्यापक दर बाजाराच्या दिवशी आमच्या ऑफिसात यायचे. बारीक, चिवट माणूस. "साहेब," ते म्हणाले, "शनिवारी शाळा भरवताच येत नाही. लोक मारुतीवर तेल वाहतात, पोट्ट्यांच्या वह्या तेलात भिजल्या. अन् घंटी कोनीबी वाजवते. भक्तानं वाजवली का पोट्टे दप्तर घिऊन घरी पळतात."

"मग मी काय करू?" साहेब म्हणाले. "पाऊस काय परिषदेच्या ताब्यात आहे?"

"पाऊस नाई, पन कुलूप आहे ना."

साहेबांना असं गाठणारी माणसं थोडी होती. मी तेव्हा म्हटलं, साहेब, या वर्षापुरता नियम बाजूला ठेवा. ते म्हणाले, नियम बाजूला ठेवता येतो हे एकदा कळलं की तो तिथेच राहतो. श्रावण लागला तरी ढग येऊन नुसते तोंड दाखवून जात होते.

तोडगा ठेकेदारानं काढला. हसतमुख, तरतरीत माणूस, गळ्यात मोबाइल. म्हणाला, "साहेब, तुमाले पानीच पायजे ना? टँकर आनतो. पाइपानं छतावर सोडतो. तुमी खाली बसा." साहेबांना ही कल्पना एकदम पटली. त्यांच्यातला वकील खूश झाला होता. पाणी ढगातून आलं काय आणि टाकीतून आलं काय, छताच्या दृष्टीनं फरक नाही, असा त्यांनी मला गाडीत पूर्ण युक्तिवाद ऐकवला. सलीमभाऊ आरशातून माझ्याकडे पाहत होते. गावाला पिण्याच्या पाण्याचाही टँकरच लागत होता, हे त्या युक्तिवादात कुठे आलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर शाळेपाशी लागला होता आणि एक माणूस पाइप घेऊन शिडीवर चढत होता. साहेबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. ते दाराकडे वळणार, तोच गल्लीतून बाया येताना दिसल्या. पाण्याचे गुंड, बादल्या, प्लास्टिकचे डबे, ज्या हाताला जे लागलं ते घेऊन. त्यांना वाटलं, पाण्याचा टँकर आला. सरपंच त्यांना मागे हटवायला लागले, हा पानी प्याचा नाही, हा शाळेचा आहे म्हणून. बाया थांबल्या. त्यांच्यातली एक म्हातारी, सुभद्राबाई तिचं नाव, सरपंचाच्या हाताखालून पुढे आली. तिनं शिडीवरचा पाइप पाहिला, मग साहेबांना पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "तीन दिस झाले, आमच्या इकडं टँकर नाई आला. पह्यले आमाले भरू द्या. उरलं तं छताले पाजा."

भांडायच्या आवाजात नव्हतं हे. नुसती मागणी. साहेब तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचं टक्कल उन्हानं लाल झालं होतं. मग त्यांनी शिडीवरच्या माणसाला हात केला, "खाली ये बावा." आणि बायांना म्हणाले, "भरा."

भरून झालं तेव्हा टँकरच्या तोटीतून थेंब ठिबकत होते. छताला पाजायला काही उरलं नव्हतं. बाया भरलेले गुंड पायाशी ठेवून उभ्या होत्या, मुलं देवळातून पळत आली होती. मुख्याध्यापकांनी हात जोडले. ठेकेदार कात्रीचं तबक घेऊन पुढे आला, "आता कापा साहेब." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या, मुलांनी तर उड्या मारत. साहेबांनी कात्री घेतली आणि फीत कापली. छताखाली ते बसलेच नाहीत.

मी टोपी हातात घेऊन उभी होते. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी माणूस थोडा माणसात आला.

पाऊस पोळ्याच्या सुमाराला आला आणि आला तो दोन महिन्यांची थकबाकी घेऊनच. शाळेच्या चारही खोल्या गळल्या. एका खोलीत छताचा पोपडा, चांगला पाटीएवढा, बाकावर येऊन पडला. डबा खायची सुट्टी होती म्हणून बाकावर कुणी नव्हतं. मुलं परत मारुतीच्या देवळात गेली. ठेकेदार म्हणाला, गावकऱ्यांनी छतावर कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्या, तुडवलं, म्हणून गळलं. माझा संबंध नाही.

जिल्हा परिषदेनं त्याच्यावर दावा लावला, की छत नवीन करून दे. ठेकेदारानं कोर्टात जे उत्तर दाखल केलं ते मी साहेबांना वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं: सभापती गळकी इमारत कधीच उघडत नाहीत, ही गोष्ट जिल्ह्यात सर्वश्रुत आहे. ही इमारत त्यांनी स्वतः फीत कापून उघडली. अर्थात, ताबा दिला तेव्हा छत निर्दोष होतं.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "चांगला मुद्दा आहे," ते म्हणाले. "मी असतो तर हाच घेतला असता."

खरंच चांगला मुद्दा होता. साहेबांचं अख्खं आयुष्य ठेकेदाराच्या बाजूनं साक्षीला उभं केलं होतं. तो खोडायचा तर एकच माणूस खोडू शकत होता आणि त्यानं शपथेवर सांगायला हवं होतं, की मी तपासलं नाही. निवडणुकीचे वारे सुरू झाले होते. पक्षातली मंडळी संध्याकाळी येऊन बसायची आणि म्हणायची, साहेब, तुम्ही यात पडू नका, परिषदेचे वकील बघून घेतील. परिषदेच्या वकिलांनी यवतमाळहून येऊन वेगळाच रस्ता सुचवला. "साहेब, फक्त एवढं म्हणा, की त्या दिवशी आतल्या भिंतीला थोडी ओल दिसली होती आणि ठेकेदाराला तोंडी समज दिली होती. छतही होईल आणि तुमचं नावही राहील."

"ओल कुठून दिसन?" साहेब म्हणाले. "पाऊस कुठं होता?"

वकील हसले. साहेब हसले नाहीत. ते गेल्यावर मला म्हणाले, "पुढचा पावसाळा बी पोट्ट्यांनी मारुतीतच काढाचा काय?"

साक्षीच्या दिवशी कोर्ट भरलं होतं. जन्मभर पिंजऱ्यातल्या माणसाला प्रश्न विचारलेला हा माणूस स्वतः पिंजऱ्यात चढला आणि पहिल्यांदा कळलं, की साक्षीदार म्हणून यांच्याइतका वाईट नमुना तालुक्यात नसेल. शपथ द्यायला आलेल्या शिपायाच्या आधीच ते शपथ म्हणून मोकळे झाले. ठेकेदाराचे वकील आमच्याच बारचे, रोज साहेबांबरोबर चहा पिणारे, फार गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी पहिला प्रश्न विचारताच साहेब म्हणाले, "हरकत. प्रश्न सूचक आहे." न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदार, हरकत तुमच्या वकिलांनी घ्यायची. आणि उलटतपासणीत सूचक प्रश्न चालतात." हे मला साहेबांनीच शिकवलं होतं. कोर्टात हशा पिकला. साहेबांनी मान डोलावली, "बरोबर आहे, अध्यक्ष महोदय." पुन्हा हशा.

मग ठेकेदाराचे वकील मुद्द्यावर आले. "गळकी इमारत आपण कधीही उघडलेली नाही, हे खरं ना?"

"ही एक उघडली."

"म्हणजे आपण छताची तपासणी केलीच नाही?"

"नाही केली."

"टँकर तर आला होता?"

"आला होता. ते पाणी गावातल्या बायांना दिलं. त्यांनी मागितलं. त्यांचंच होतं."

"ठीक आहे. पाणी दिलं. मग तपासणी झालेली नसताना आपण फीत का कापली?"

पंखा करकरत होता. परिषदेचे वकील उगाचच कागद चाळायला लागले. मला वाटलं, आता ते उलट प्रश्न विचारतील, नेहमीप्रमाणे. पण ते खाली पाहून, कोर्टातली भाषा सोडून, घरात बोलावं तसं बोलले.

"टाळ्या वाजल्या. मले बरं वाटलं. म्हून कापली."

न्यायाधीशांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि लेखनिकाला सांगितलं, "लिहा, उपस्थित लोकांच्या आग्रहास्तव मी फीत कापली."

"तसं नाही," साहेब म्हणाले. "आग्रह कोनी केला नाही. टाळ्या होत्या. मले बरं वाटलं. 'बरं वाटलं' हे बी घ्या."

न्यायाधीशांनी ते घेतलं. मी भरल्या कोर्टात रडले आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पिंजऱ्यातून उतरताना साहेबांचा पाय पायरीवर चुकला, तेव्हा हात द्यायला सगळ्यात आधी ठेकेदाराचेच वकील धावले.

दाव्याचा निकाल परिषदेच्या बाजूनं लागला. पुढच्या पावसाळ्याच्या आत छत नव्यानं झालं. पण वर्तमानपत्रात निकाल आतल्या पानावर आला; पहिल्या पानावर साक्ष आली होती, 'टाळ्यांसाठी कापली फीत.' गावोगाव भिंतीवरच्या त्या जुन्या ओळीखाली विरोधकांनी एकच शब्द रंगवला, 'गळले!' ब्रश आणि रंग फुकट वाया न घालवणारी माणसं होती ती. साहेब पडले. थोड्याथोडक्या मतांनी नव्हे, चांगले आपटले. त्या शाळेच्या गावातसुद्धा.

निवडणुकीच्या आधी, साक्षीच्या त्याच आठवड्यात, सुभद्राबाई आमच्या ऑफिसात आली होती. बाजाराचा दिवस होता. ती खुर्चीवर बसेना, दाराशीच उभी राहिली. "साहेब," ती म्हणाली, "गावातले लोक म्हंतात, म्या पानी मांगलं म्हून शाळा गळली. तुमी बी कोर्टात माहं नाव घेतलं म्हंतात. खरं हाय काय?"

साहेब उठून तिच्यापाशी गेले. "नाही माय. पानी तं तुमचंच होतं. पानी दिल्यावर मी फीत नव्हती कापाची. नुसतं कुलूप काढलं असतं, पोट्टे आत बसले असते, अन् पाऊस आला का मी पाहाले आलो असतो. तुही काहीच चूक नाही."

तिनं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग पुढं टँकर नाई आला, तं मी तुमच्याकडं येतो. चालते ना?"

"ये," साहेब म्हणाले. इतकं सरळ उत्तर मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. "निवडून नाही आलो तरी ये."

तेव्हा मला ते बोलण्यातलं बोलणं वाटलं होतं. पण पुढच्या उन्हाळ्यात ती खरंच आली. टँकर पुन्हा बंद झाला होता. साहेब तेव्हा कुणीच नव्हते. मी म्हटलं, साहेब, एक फोन करा, तुमचा शब्द कोण मोडतंय. ते म्हणाले, "फोन सभापतीनं कराचा असते. मी आता अर्जदार." त्यांनी कोट घातला, सुभद्राबाईला गाडीत बसवलं आणि आम्ही पंचायत समितीत गेलो. नव्या सभापतींच्या दालनाबाहेर बाक होता. त्यावर आधीच चार माणसं होती, ती सरकली. साहेब त्यांच्या शेजारी बसले, मांडीवर टोपी ठेवून. दारावरचा शिपाई नवा होता, कुठून तरी बदलून आलेला. त्याला साहेब ओळखू आले नाहीत. आमची पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "कोन आले म्हून सांगू?"

मला इतका राग आला, की मी तोंड उघडलंच होतं, त्यांची सगळी पदं, सगळ्या खेपा, सगळं त्या पोराला ऐकवायला. साहेबांनी हातानं मला थांबवलं.

"पानी मांगाले आले म्हना," ते म्हणाले.